शेपटी कुठल्या बाजूला?

मामाच्या कौलांवर वांदर उतरले की आधी धबाधब आवाज येतो. मग मामी हाताला लागेल ते, ताट, पत्र्याचा डबा, काहीही बडवत अंगणात धावते. मी पायरीवर उभा राहून शेपट्या बघत बसतो. (मदत शून्य, हे मामीचं मत.)

लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वांदर. कोकणात यात गल्लत होत नाही. अंग राखाडी, तोंड आणि पंजे तव्याच्या बुडासारखे. पेटलेली शेपटी विझवताना मारुतीचं तोंड पोळलं, त्याची ही खूण, असं आजी सांगायची.

पण शेपटी! अख्ख्या अंगाहून लांब. लहानपणी आम्ही चित्रात माकड काढायचो ते फांदीला शेपटीने लटकलेलं. तसं लटकणारी माकडं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली. आमचं वांदर शेपटीने काहीच धरत नाही, ती फक्त तोल सांभाळते. फणसावरून माडावर झेप घेताना मागे सुटलेली ती दोरी पाहावी.

एकदा राजस्थानात अबूला गेलो आणि चक्रावलो. तिथला वानर चालताना शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळवत होता. आमचे ती मागच्या बाजूला झुकवतात! नंतर वाचलं, ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या उत्तरेला पुढे, दक्षिणेला मागे. पाणी बदललं की भाषा बदलते म्हणतात. इथे शेपटीच बदलली. याच अबूच्या टोळ्यांवर सारा हर्डी यांनी १९७०च्या दशकात अभ्यास केला. नवा हुप्प्या, म्हणजे टोळीचा म्होरक्या नर, टोळी बळकावतो आणि आधीच्या नराची तान्ही पोरं मारतो, हे त्यातलं. ते वाचल्यापासून आमच्या हुप्प्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

टोळीतल्या बायका मात्र बघत राहावं अशा. काळपट पोर एकीच्या पोटाशी, घटकेत दुसरीच्या, मग तिसरीच्या. आई निवांत शेवग्याचा पाला ओरबाडत असते. पाला पचवायला यांच्या पोटात कप्पे असतात, तरी मामीच्या पडवळांवर डोळा असतोच.

परवा डबा वाजून वाजून चेपला. सगळे पळाले, हुप्प्या तेवढा आढ्यावर बसून राहिला, शेपटी खाली सोडून.

"रावणाच्या दरबारात अंगद बसलाय जसा मेला," मामी म्हणाली आणि फुटलेली कौलं मोजायला लागली. सात निघाली.