कारण सांगायचं नाही

खाणकंपनीला नव्या जागी भोकं पाडायची असली, की आधी तिथले मूळ मालक, म्हणजे त्या जमिनीचे आदिवासी, आणि माझ्यासारखे सल्लागार मिळून ती जमीन पायी पालथी घालतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात मी हे काम स्वतंत्रपणे करते. त्या दिवशी आम्ही न्यूमन या खाणगावाच्या पूर्वेला होतो, मार्तू या आदिवासी लोकांच्या मुलुखात. 2002 साली न्यायालयाने या जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. पण खनिजं सरकारची, आणि खाणीला साफ नकार देण्याचा अधिकार त्या हक्कात नाही. वाटाघाटी तेवढ्या करता येतात. म्हणून आमच्या अहवालातल्या एकेका ओळीला मोल असतं.

काटेरी स्पिनिफेक्स गवतातून एकमेकांपासून थोडं अंतर राखून आम्ही चालत होतो. कोरड्या ओढ्याच्या काठी हत्यारं घडवताना उडालेले दगडाचे काही छिलके सापडले आणि पुढे एक मोठा सपाट दगड. मधोमध झिजून लांबट खळगा पडलेला, आजीच्या पाट्यासारखा गुळगुळीत. आमच्यातल्या सर्वांत वयस्क आंटी खाली बसल्या. गवताचं बी पाण्यात भिजवून कसं वाटायचं, ते त्यांनी हात पुढेमागे सरकवत दाखवलं. त्यांच्या आयांनी ते केलेलं त्यांनी पाहिलं होतं. मी फोटो काढले, जीपीएसवर जागा नोंदवली.

कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ म्हणाला, "दगडाभोवती पन्नास मीटरचं वर्तुळ काढू, म्हणजे झालं." माणूस चांगला होता, त्याला काम उरकायचं होतं.

आंटी म्हणाल्या, "नाही. ओढा पूर्ण सोडायचा. त्या टेकाडापर्यंत."

का, असं त्याने विचारलं. आंटींनी उत्तर दिलं नाही. त्यांचा नातू रेंजर आहे. तो न सांगता उठला, सगळ्या पुरुषांना घेऊन गाडीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग आंटींनी आम्हा बायकांना ओढ्यात नेलं आणि ती जागा कशाची आहे ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. ती बायकांची गोष्ट आहे, आणि त्यातही कोणी कोणाला सांगायची याचे नियम आहेत.

खरी कसरत रात्री सुरू झाली. जागा वाचवायची तर तिचं महत्त्व पटवून द्यावं लागतं, आणि इथे महत्त्व उलगडून सांगणं हाच त्या जागेचा भंग. कंपनीत तो अहवाल वाचणारे बहुतेक पुरुष. शेवटी मी एवढंच लिहिलं: या हद्दीत काम नको; त्यामागचं कारण बायकांपुरतं मर्यादित आहे आणि ते त्यांच्यापाशी आहे. सोबत हद्दीचे अक्षांश-रेखांश. दुसऱ्या दिवशी मसुदा आंटींना मोठ्याने वाचून दाखवला. ओढ्याच्या वळणाचं वर्णन करणारं एक वाक्य त्यांनी काढायला लावलं. त्यावरूनही जाणत्याला कळलं असतं.

कंपनीकडून अपेक्षित मेल आली: आधार काय? मी फोनच केला. जूकन गॉर्जचं नाव काढावं लागलं. 24 मे 2020 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच या घळीतल्या गुहा रिओ टिंटो या खाणकंपनीने सुरुंगाने उडवल्या. माणसाच्या वावराच्या 46,000 वर्षांच्या खुणा होत्या तिथे. मंत्र्यांची परवानगी 2013 सालची होती. त्यानंतरच्या वर्षी उत्खननात कितीतरी अधिक सापडलं, केसांच्या पट्ट्याचा चार हजार वर्षं जुना तुकडासुद्धा, पण तोवर परवानगी हाती पडली होती आणि फेरविचाराची वाटच कायद्यात नव्हती. पुढे आदिवासींच्या वारसास्थळांसाठी नवा कायदा आला, 1 जुलै 2023 ला लागू झाला आणि त्याच वर्षी मागेही घेतला गेला. आज 1972 चाच कायदा दुरुस्त्यांसह चालू आहे. अशा वेळी मूळ मालकीण 'इथे नको' म्हणते, एवढा आधार पुरेसा मानला पाहिजे, हे मला अगदी मनापासून वाटतं, आणि तसं मी बोलले.

ओढा वगळून आराखडा बदलला. टेकाडाच्या उताराचा थोडा भाग मात्र अजून वादात आहे. त्यावर पुन्हा बैठक लागेल. तोवर बायकांनी एक अट घालायचं ठरवलं आहे: या बाजूच्या प्रत्येक पाहणीत एक तरी बाई सल्लागार हवी. पुढच्या करारासाठी त्या अटीची भाषा मी सध्या आंटींबरोबर बसून ठरवते आहे.