दोन रुपयांचा आक्षेप

"सर, तुम्ही ड्युटीवर असता. खरं सांगा, मशीन सेट असतं का?" महापालिका शाळेत शिकवतो म्हणून इलेक्शन ड्युटी चुकत नाही, आणि दर निकालानंतर हा प्रश्नही चुकत नाही. तर एकदाचं सांगून टाकतो. माझ्यासमोर मशीन कधी चुकलेलं नाही. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान, व्हीव्हीपॅट म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्यांशी ताळा, मग आकडे पुसून सील. मतदान संपल्यावर 17 सी या नमुन्यावर एकूण मतं लिहून प्रत एजंटांच्या हातात. पुढे स्ट्राँगरूममध्ये काय होतं ते मला विचारू नका, मी तिथे नसतो. पण 'म्हणजे गडबड नाहीच' हेही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

20 मे 2024. लालबागकडचं केंद्र, मी केंद्राध्यक्ष. दुपारी एक आजी आल्या. चाळ पाडलेली, मुक्काम प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात, नाव मात्र यादीत जुन्याच पत्त्यावर. नावावर आधीच खूण झालेली. नोंदवहीत अंगठा.

"मी सही करते हो. चौथी पास आहे."

ओळखपत्र त्यांचंच, शंकेला जागाच नव्हती. नियमात याला सोय आहे, प्रदत्त मत. मशीन नाही, कागदी मतपत्रिका. वेगळ्या नमुन्यात सही, बाणफुलीचा शिक्का, पाकीट. आजींनी सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

"हे मोजणार ना?"

"नाही. कोर्टाने सांगितलं तरच."

"आणि त्या अंगठेवालीचं?"

ते मोजणार. मशीनमधलं मत कुणाचं ते शोधता येत नाही, आणि येऊही नये. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हा शिक्का कशाला मारायला लावलात?"

सकाळी ती दुसरी बाई आली तेव्हा नाव मोठ्याने वाचलं होतं. दोन रुपये भरून एजंटला मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो. तिघं बसले होते, कुणी तोंड उघडलं नाही. पूर्वी एजंट चाळीतलाच पोरगा असायचा, 'ही आमची काकू नव्हे' म्हणून उठला असता. आता बूथवरचा मिळाला नाही तर मतदारसंघातला कुठलाही मतदार चालतो, आणि चाळीतली माणसं तर शहरभर पांगलीत. तुम्ही काय करत होतात म्हणाल, तर रांग जिन्याखाली गेली होती आणि ओळखपत्रं माझा सहकारी बघत होता. पटत नसेल तर राहू द्या, मलाही पुरतं पटत नाही.

त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईचा निकाल 48 मतांनी लागला. हरलेल्या उमेदवाराच्या याचिकेत प्रदत्त मतांचाही मुद्दा होता. उच्च न्यायालयाने ती डिसेंबरमध्ये फेटाळली. एखाद्या बोगस मताने काय होतंय, असं मी मेहुण्याला ठणकावून सांगायचो. आता सांगवत नाही. पण 'सगळं आधीच ठरलेलं असतं' हे त्याचं म्हणणंही मला मान्य नाही. तसं असतं तर दुसऱ्याच्या नावाने अंगठा उठवायला उन्हातान्हात बाई कशाला पाठवली असती?

जानेवारी 2026 ला महापालिकेची ड्युटी लागली. तिथे व्हीव्हीपॅटही नव्हतं, आणि बोटावरची शाई पुसली जाते म्हणून बाहेर कल्ला. मी एजंटांना आधी विचारलं, इथेच राहणारं कोण आहे? एकजण निघाला. त्याला यादीच्या अगदी समोर बसवला. दुपारपर्यंत त्याने एकालाही हटकलं नाही. सगळे खरेच होते की तोही कुणाला ओळखत नव्हता, काय माहीत.