पलटतोवाल्या काकांच्या शोधात

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने निघालो, स्वारगेटला चहा मारला आणि मेट्रोने जमिनीखालून थेट कसबा पेठ. तिथून चालत जुना बाजार. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी रविवार धरला होता.

आम्हा कॅसेटवेड्यांत एक दंतकथा फिरते. रमणबागेत सवाई गंधर्व संगीत महोत्सव रात्रभर चालायचा तेव्हाची. मांडीवर शबनम, शबनममध्ये टेपरेकॉर्डर, वर उपरणं. असा एक माणूस पेठांतल्या खासगी बैठकाही चोरून टिपायचा म्हणे. गायिका केसरबाई केरकर तर रेकॉर्डिंगच्या बाबतीत भारी कडक. (१९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली ती मात्र त्यांचीच भैरवी!) नव्वदची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते, आणि या माणसाच्या प्रत्येक टेपवर बाजू संपताना दबक्या आवाजात ऐकू येतं, 'पलटतो.' म्हणून नाव पलटतोवाले काका.

कुणी म्हणतं बँकेत होते, कुणी म्हणतं होमिओपॅथीचे डॉक्टर. मी तीन पत्ते मिळवले होते. तिन्ही ठिकाणी वाडा पाडून सोसायटी उभी. एका वॉचमनने तर 'कुठल्या फ्लॅटचे काका?' असं विचारून गप्पच केलं. खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. एवढं लपूनछपून टिपणारा माणूस तोंडाने कशाला बोलेल?

बाजारात पाने-पक्कड, नळाच्या तोट्या, बिनबॅटरीचे रिमोट आणि एका गोणपाटावर कॅसेटींचा ढीग. एकीवर जांभळ्या शाईत नुसतं 'मारवा', संध्याकाळचा राग.

"कितीला?"

"शंभर."

"अहो मामा, लावायला टेप कुणाकडे राहिलाय?"

"म्हणून तर शंभर. नाहीतर हजार सांगितले असते."

पन्नासला तुटलं. फीत सैल होती. स्वारगेटला बाकावर बसून पेन्सिल घालून ताणून घेतली आणि परतीच्या एसटीत वॉकमन लावला. संध्याकाळ आणि मारवा, वेळ तर छान जमली. गवई ओळखू येईना. टेपमध्ये मागे कुणीतरी सुपारी कातरत होतं, तो कटकट आवाज तालाच्या समेवर मात्र अचूक थांबायचा. कात्रजचा बोगदा गेला. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत अडकली आणि बाजू संपत आली.

खर्रर्र. मग अगदी माइकजवळ, हळूच, एका बाईचा आवाज:

'थांबा हं, पलटते.'