रस्सा बुडाला लागला तो दिवस

टोकियोत दुभाष्याचं काम करताना खाण्याच्या धंद्यातली माणसं वरचेवर भेटतात. त्या खेपेला आले होते कोल्हापुरातले दोघे भाऊ, मटणाची खानावळ चालवणारे, आणि थोरल्याच्या पत्नी. गल्ला त्या सांभाळतात आणि गळ्यात तुळशीची माळ आहे. खानावळीशेजारच्या गाळ्यात रामेन, म्हणजे रश्शातल्या जपानी शेवया, सुरू करायचं तिघांच्या मनात होतं. दादांची मागणी साधी होती: "चांगलं रामेन कुठं मिळतं ते दाखवा ताई, आणि ते चांगलं का, ते तिथल्या माणसाला विचारून सांगा."

दिवसाची सुरुवात पश्चिम टोकियोतल्या एका छोट्या दुकानात ठरली होती. आठ स्टुलं, एक मालक-आचारी, एक मदतनीस. मालकाला सगळे 'ताइशो' म्हणतात. त्याने सकाळी आठपासून अकराच्या उघडण्यापर्यंत आम्हाला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायची परवानगी दिली होती. तिथलं रामेन 'तोरी पाइतान', म्हणजे कोंबडीच्या हाडांचा पांढरा दाट रस्सा. साठ लिटरच्या उंच, सरळ पातेल्यात वीस किलोच्या आसपास सांगाडे आणि पाचेक किलो पाय पहाटेपासून खळाखळा उकळत होते. पाय हवेतच, कारण कोलेजन हे प्रथिन त्यांत जास्त असतं. उकळून त्याचं जिलेटिन होतं, उकळीच्या धक्क्याने चरबीचे बारीक बारीक थेंब होतात, आणि जिलेटिन त्या थेंबांना परत एकत्र येऊ देत नाही. रस्सा पांढरा दिसतो तो यामुळे. त्यात दुधाचा थेंबही नसतो. आच कमी पडली तर चरबी वर तरंगते, खाली पिवळट पाणी राहतं. आच मोठी ठेवली, तर हाडांचा चुरा तळाला बसून करपायची भीती.

ताइशोने पळीभर रस्सा गाळून त्याचा एक थेंब हातातल्या छोट्या मापकाच्या काचेवर टाकला. रश्शात किती विरघळलंय हे त्यावर ब्रिक्सच्या आकड्यात कळतं. हलका, नितळ रस्सा साधारण दोन-तीनवर असतो, पाइतान आठ-दहावर. आकडा आला नऊ. रंग सायीसारखा, दाटपणा पळीच्या पाठीला चिकटणारा. दहा वाजत आले होते, बाहेर रांग लागायला लागली होती.

मग त्याने एका पांढऱ्या पेल्यात नुसता रस्सा ओतला, त्यात थोडं गरम पाणी घातलं आणि मिनिटभर तसाच ठेवला. रामेनच्या पातेल्यात मीठ नसतं. खारटपणा सगळा 'तारे'त असतो. सोया सॉस, मीठ किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचा तो कडक अर्क वाडग्याच्या तळाशी आधी घालतात आणि त्यावर रस्सा ओततात. हे सांगायच्या आधीच धाकट्या भावाला उमगलं, "म्हणजे आपलं अळणीच की!" अळणी रस्सा चाखायचा तो याचसाठी की त्यात काही लपत नाही. पाणी घातल्यावर आणि जरा निवल्यावर तर दोष आणखी उघडा पडतो.

ताइशोने पेला नाकाशी नेला, बाजूला ठेवला, परत उचलला. मग लांब दांड्याची लाकडी फळी तळापर्यंत घालून हळूच खरवडली. फळीच्या टोकाला काळे कण आले. तळाशी हाडं टेकू नयेत म्हणून जाळीची ताटली ठेवतात, ती उकळीत कधीतरी सरकली होती आणि एका कडेला चुरा थेट पत्र्यावर बसला होता. पेला त्याने आमच्याकडे दिला. मला आधी काहीच कळलं नाही. धाकट्याने मात्र वास घेताक्षणी म्हटलं, "बुडाला लागलंय."

करपल्याचा वास एकदा रश्शात उतरला की काढता येत नाही. भांडं बदलून उपयोग नाही, गाळून नाही, बटाटा टाकून तर नाहीच. उकळीमुळे तो सगळ्या पातेलंभर पसरलेला असतो आणि चरबीत मुरलेला असतो. दादांनी मला विचारायला लावलं, तारे आणि वरचं सुगंधी तेल घातल्यावर गिऱ्हाइकाला कळेल का? ताइशोने खरं ते सांगितलं: बहुतेकांना कळणार नाही. मग त्याने गॅस बंद केला. फलकावर चार ओळी लिहिल्या, आज रस्सा जमला नाही म्हणून दुकान बंद, आणि बाहेर जाऊन रांगेतल्या प्रत्येकापुढे वाकून माफी मागितली. प्रत्येकाच्या हातात पुढच्या वेळी अंडं फुकट मिळेल अशी चिठ्ठी. रांगेत कुणी आवाज चढवला नाही. जपानमध्ये रामेनच्या दुकानाबाहेर अशी पाटी अधूनमधून दिसते, आणि 'रस्सा संपला' ही पाटी तर त्याहून नेहमीची. टोकियोत नवख्याने दुकान पारखायची मला माहीत असलेली सगळ्यात भरवशाची खूण हीच. रस्सा संपल्यावर जे बंद होतं, त्याचा रस्सा तिथेच, त्या दिवशीच शिजलेला असण्याची शक्यता मोठी. रात्री कितीही वाजता जा, पातेलं कधी रिकामं नाही, असं असेल तर रस्सा बहुधा मध्यवर्ती स्वयंपाकघरातून पिशव्यांत येतो. तो वाईटच असतो असं नाही, पण वेगळा असतो.

ठरलेला दिवस असा दहा वाजता मोडला. पण आम्ही चुओ रेल्वेमार्गावर होतो, आणि टोकियोत रामेन खायचं तर ही नारिंगी पट्ट्याची गाडी धरावी असं माझं मत आहे. जुनं आणि नवं दोन्ही तिच्या वाटेवर आहे.

आधी ओगिकुबो. इथलं 'हारुकिया' 1949 पासूनचं. जुन्या टोकियोचं सोया सॉसचं रामेन म्हणजे काय, हे समजायला याच्याइतकं चांगलं ठिकाण मला दुसरं माहीत नाही. रश्शाला निबोशीचा, म्हणजे वाळवलेल्या छोट्या माशांचा, ठसठशीत वास. या माशांची डोकी आणि पोट काढलं नाही तर कडवटपणा येतो. कुठे तो थोडासा मुद्दाम ठेवतात. वर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे वाफ दिसत नाही आणि पहिला घोट जीभ पोळतो. आधी चमचा बुडवून थांबावं. हारुकियाबद्दल रामेनवाले एक गोष्ट आवर्जून सांगतात: गिऱ्हाइकाने 'चव तीच आहे हं' म्हणावं यासाठी चव दर वर्षी थोडी थोडी सुधारत न्यावी लागते. खाणाऱ्यांची जीभ पुढे जाते. पदार्थ तिथेच थांबला तर तो उतरल्यासारखा वाटतो. खानावळीत तिसरी पिढी असलेल्या दादांना हे फार पटलं, आणि ते उतरवून घ्यायला त्यांनी वही काढली.

शिंजुकूला दक्षिणेच्या दाराने उतरून योयोगीच्या बाजूला दहाएक मिनिटं चाललं की 'फूउन्जी'. इथे घ्यायचं ते त्सुकेमेन: शेवया वेगळ्या, दाट रस्सा वेगळा, बुडवून खायचं. हा प्रकार 1955 मध्ये याच मार्गावरच्या नाकानोत काझुओ यामागिशी यांनी विकायला काढला आणि 1961 मध्ये हिगाशी-इकेबुकुरोत 'ताइशोकेन' उघडून रुजवला. फूउन्जीचा रस्सा कोंबडीचा आणि माशाचा, वर माशाच्या पुडीचा छोटा डोंगर. पूड एकदम ढवळू नये. आधी नुसता रस्सा, मग थोडी थोडी पूड मिसळत जावं. कोंबडीच्या रश्शात मासा का, असं धाकट्याने विचारलं. ग्लुटामेट आणि वाळवलेल्या माशातलं इनोसिनेट ही चव देणारी दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी वाढते. सोया सॉस आणि कोंबू ही समुद्री वनस्पती यांत पहिलं असतं, कात्सुओबुशी हा वाळवलेला मासा आणि निबोशी यांत दुसरं. म्हणून तर इथल्या मांसाच्या पातेल्यातही बहुधा मासा येऊन बसतो.

त्सुकेमेनच्या शेवया जाड असतात. सहा-आठ मिनिटं उकळून लगेच गार पाण्यात चोळून धुतात, त्याने वरचा चिकट पिठूळ थर जातो आणि दाताला तंगपणा लागतो. शेवटी उरलेला रस्सा पिण्याजोगा पातळ करायला हलका रस्सा मागून किंवा स्वतः ओतून घ्यायचा असतो. हे न करता उठणं म्हणजे अर्धं जेवण सोडणं.

व्यवहाराच्या गोष्टीही इथेच सांगते. दाराशी तिकिटाचं यंत्र असतं, पैसे आधी. पुष्कळ जुनी यंत्रं फक्त हजार येनची नोट घेतात, आणि 2024 च्या जुलैत नव्या नोटा आल्यापासून काही यंत्रं त्याही घेत नाहीत, म्हणून सुटे जवळ हवेत. गोंधळ झाला तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबावं. दुकानाचा मुख्य पदार्थ सहसा तिथेच असतो. एका माणसाने जागा धरून बाकीचे मागून आले तर चालत नाही. एका वाडग्यात दोघांनी खाणंही बरं दिसत नाही; शेवया कमी हव्यात एवढं सांगता येतं. आणि वाडगा समोर आला की खायला लागा. पातळ शेवया गरम रश्शात शिजतच राहतात, पाच-सात मिनिटांत त्यांचा जीव जातो. फोटो काढायचा तर एक.

वहिनींनी दोन्हीकडे फक्त पाणी घेतलं होतं. टोकियोत शाकाहारी माणसाची अडचण मांसाहून माशाची जास्त. 'यात मांस नाही' असं दुकानदार मनापासून सांगतो, पण मिठाच्या तारेतही वाळवलेला मासा असतो, वरच्या तेलात कोंबडीची चरबी. म्हणून विचारताना 'शाकाहारी' एवढ्यावर थांबू नये. मांस, मासा, माशाचा अर्क, चरबी, अंडं असं एकेक नाव घेऊन विचारावं. टोकियो स्थानकात 'टीज तानतान' आहे तिथे हे काही विचारावं लागत नाही, सगळंच वनस्पतीजन्य. ते तिकीटफाटकाच्या आत, केइयो मार्गाकडे जाणाऱ्या दुकानांच्या रांगेत आहे, त्यामुळे गाडीने येऊन बाहेर न पडताच जावं, नाहीतर फलाटाचं तिकीट काढावं लागतं. वहिनींनी तिळाच्या कुटाचं पांढरं तानतान मागवलं. तिखटाचं तेल, तिळाचा दाट रस्सा, वर सोयाचा खिमा. दादांनी चोरून चमचाभर चाखलं आणि आपल्याकडे हाच वाडगा आधी चालेल, असं ठरवूनच टाकलं. याच स्थानकाच्या यएसू बाजूला, तळघरात, फाटकाबाहेर 'टोकियो रामेन स्ट्रीट' आहे. नावाजलेल्या दुकानांच्या शाखा एका ओळीत, पण जेवणाच्या वेळी रांगा लांब. तिथे सकाळी किंवा दुपारी तीन-चारच्या सुमाराला जावं.

संध्याकाळी एबिसूला 'अफुरी'. दिवसभराच्या दाट रश्शांनंतर इथला युझू घातलेला मिठाचा रस्सा मुद्दाम शेवटी ठेवला. कोंबडी, समुद्री वनस्पती आणि मासे यांचा नितळ रस्सा, वर युझू या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास. तेल कमी हवं की जास्त, हे विचारतात; पहिल्यांदा कमीच घ्यावं. सकाळचं पातेलं आणि हे, दोन्ही कोंबडीचीच. फरक आचेचा. नितळ रश्शाला उकळी फुटू द्यायची नाही, नव्वद-पंच्याण्णव अंशांवर नुसतं हलत ठेवायचं. एकदा जोराने उकळला की तो ढगाळतो आणि परत नितळ होत नाही.

तिथल्या काउंटरवरच कोल्हापूरचा हिशोब सुरू झाला. रस्सा दोघा भावांच्या हातातला आहे, पण शेवयांचं काय? रामेनच्या शेवयांत कान्सुई लागतं, म्हणजे मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्याने पीठ तंग होतं, आणि मैद्यातली द्रव्यं अल्कलीत पिवळी पडतात. तो रंग अंड्याचा असेलच असं नाही, त्यामुळे वहिनींनाही त्या चालतील अशा करता येतात. कान्सुई मिळालं नाही तर खाण्याचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये सव्वाशे-दीडशे अंशांवर तासभर भाजायचा. त्याचं सोडियम कार्बोनेट होतं. ते कातडीला झोंबतं, ओल्या हाताने धरायचं नाही. एक किलो प्रथिनं जास्त असलेला मैदा, साडेतीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि दहा ग्रॅम हा क्षार. क्षार आणि मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं, तसंच पिठात टाकलं तर पिवळे डाग पडतात. पीठ पोळीच्या कणकेसारखं गोळा होणार नाही, भुरभुरीतच राहील. घाबरून पाणी वाढवू नये. झाकून अर्धा तास ठेवायचं, मग यंत्रातून दाबत, घडी घालत पट्टा काढायचा. कापलेल्या शेवया एक रात्र थंडाव्यात मुरू द्यायच्या. वाडग्यामागे कच्च्या शेवया एकशे तीस ते दीडशे ग्रॅम, तारे तीस मिलिलिटर, तेल पंधरा, रस्सा तीनशे.

पाण्याचा प्रश्न वहिनींनी काढला. टोकियोचं पाणी मऊ आहे. जड पाण्यात कोंबूचा अर्क नीट उतरत नाही. बोअरचं पाणी असेल तर रश्शापुरतं तरी शुद्धीकरण यंत्राचं वापरावं लागेल. दादांनी वहीत तेही लिहिलं आणि त्याखाली, पातेल्याच्या तळाची जाळी पत्र्याला पक्की बसवून घ्यायची, असं लिहून दोन रेघा मारल्या.