आमची वाटचाल : दोन फुलपाखरं

बरेच जण विचारतात, तुम्ही तर स्लायडिंग खिडक्यावाले होतात, स्पायडरमध्ये, म्हणजे फ्रेमशिवाय, कोळ्यासारख्या स्टीलच्या पंजाला बोल्टने काच धरायच्या कामात, कुठून आलात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

२००१ला भोसरीत भाड्याची शेड घेतली. सिंगल हेड कटिंग मशीन, एक हातपंच, दोन ड्रिल, मी आणि पार्टनर. पार्टनर पॉलिटेक्निकपासूनचा, ड्रॉइंग त्याचं आणि वसुली माझी. त्याच्याकडे पॅरिसच्या ला व्हिलेतच्या विज्ञान संग्रहालयाच्या काचेच्या भिंतीची झेरॉक्स होती, १९८६चं काम, पीटर राइस नावाच्या इंजिनिअरचं. दोन बाय दोन मीटरच्या काचा एकीखाली एक लटकवलेल्या, वाऱ्याचा जोर घ्यायला मागे केबल, काचेला फ्रेम म्हणून नाहीच. ती झेरॉक्स शेडच्या दारामागे चिकटवलेली आणि आम्ही आपले वन बीएचकेच्या खिडक्यांना मच्छरजाळी लावतोय.

२००६ला सांगलीच्या एका शेठचं गाड्यांचं शोरूम मिळालं. सहा मीटर उंच, मागे आधाराला काचेच्याच फिन, म्हणजे उभ्या पट्ट्या. शेठनी एकच विचारलं, पडणार नाही ना? पार्टनरने त्यांच्याच वहीत काढून दाखवलं की फिन वरून टांगतोय, खाली चॅनेलमध्ये नुसती उतरवतोय, टेकवत नाही, म्हणजे वरचा बीम खाली वाकला तरी वजन काचेवर येत नाही. शेठना किती कळलं देव जाणे, पण वही त्यांनी आत नेऊन ठेवली.

मधली चार वर्षं बरी गेली, ती सोडून देतो.

२०१०च्या शेवटी एका आयटी बिल्डिंगच्या लॉबीचं काम लागलं. कुणाची ते लिहीत नाही. अठ्ठावीस मीटर रुंद, बारा मीटर उंच, ११२ काचा. कन्सल्टंटच्या स्पेकमध्ये लॅमिनेटेड होती, आठ अधिक आठ मिलीच्या दोन काचा, मध्ये १.५२ मिलीचा पीव्हीबी, म्हणजे फुटली तरी तुकडे धरून ठेवणारा प्लास्टिकचा थर. क्लायंटच्या परचेसवाल्यांनी खर्च वाचवायला ती काढून बारा मिलीची सिंगल टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली एकेरी काच, केली. आम्ही लेटर दिलं की ही फुटली तर जागेवर राहणार नाही, डोक्यावर येईल. उत्तर आलं, हीट सोक करून घ्या की, प्रश्न मिटला. म्हणजे टफन काच पुन्हा भट्टीत तापवून ठेवायची, कच्ची असेल ती तिथेच फुटते. तो चार्ज आम्ही भरला, सर्टिफिकेट घेतलं, ऑर्डर गेली. आर्किटेक्ट मुंबईत, स्ट्रक्चरलवाले बंगळुरात, आम्ही भोसरीत, सगळं मेलवर, एका टेबलावर एकदाही बसलो नाही. भोकांच्या ड्रॉइंगची चार रिव्हिजन झाली, आणि टफन झाल्यावर भोक सरकवता येत नाही हे यातल्या माणसाला सांगायला नको.

मे २०११ला हँडओव्हर. सप्टेंबरमध्ये पहाटे पावणेचारला वॉचमनचा फोन, साहेब बॉम्ब फुटला. बॉम्ब कसला, दोन बाय दीडची एक काच, नव्वद किलो चुरा लॉबीत. दिवाळीपर्यंत अजून दोन गेल्या. सुदैवाने तिन्ही रात्रीच, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मीटिंगमध्ये पहिलं वाक्य काय, तर तुमच्या पोरांनी बोल्ट जास्त आवळले. आता आमचे फोरमन मामा म्हणजे, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने लावला की त्याच्यावर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारायचे, बोल्टपासून स्पायडरपर्यंत, म्हणजे कुणी नंतर हात लावला तर रेघ तुटलेली दिसते. पोरं हसायची, मामा मेकअप करतात म्हणून. काचेला हलायला जागा राहावी म्हणून स्पायडरला एक भोक फिक्स, एक आडवं स्लॉट, बाकीची मोठी, तेही मामांनी पोझिशनप्रमाणे वहीत लिहिलेलं. ती वही मी टेबलावर ठेवली. कुणी उघडली नाही.

बँक गॅरंटी ओढली, ३८ लाखांची बिलं अडकली, टेम्पो विकला, शेडचं भाडं तीन महिने थकलं. जानेवारीत पार्टनर दुबईला गेला, तिथे फसाडवाल्यांना, म्हणजे बिल्डिंगच्या काचेच्या दर्शनी भिंती करणाऱ्यांना, माणसं लागतच असतात. चुकलं असं म्हणत नाही, त्याला दोन मुली. पण जाताना दारामागची झेरॉक्स काढून घेऊन गेला ते मला लागलं.

आणि ते दुसरे, आमच्याच धंद्यातले. त्यांचंही नाव नको. आमचेच काच उचलायचे व्हॅक्युम कप उसने नेऊन ज्यांनी पहिली साइट केली ते दुसऱ्या आठवड्यात कोटेशन घेऊन हजर. सगळी काच बदलायचं काम त्यांना. त्यांची शॉप ड्रॉइंग नंतर एकाने मला दाखवली, कंपनीच्या नावाचा चौकोन तेवढा बदललेला, ट्रान्सम (आडवी पट्टी) या शब्दाचं स्पेलिंग आम्ही चुकवलं होतं तेही तसंच्या तसं. म्हणून नवीन पोरांना सांगतो, वर्क ऑर्डर हातात नसताना डिटेल ड्रॉइंग देऊ नका, कॅड फाइल तर नाहीच, द्यायचं तर एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, द्या आणि नोड, म्हणजे जोडाचे तपशील, झाका.

ते काम सुरू व्हायच्या आधी, डोक्यावर पडू नये म्हणून, मामा आणि मी उरलेल्या काचांना आमच्या खर्चाने सेफ्टी फिल्म लावत होतो. निम्म्या झाल्या असतील तेवढ्यात चौथी फुटली, आणि ती फिल्म लावलेली. पडली नाही, ओल्या चादरीसारखी लटकली. मामा क्रेडलमधून (टांगत्या पाळण्यातून) ओरडले, साहेब वर या. सगळ्या चिरा एका जागेवरून निघालेल्या आणि बरोब्बर तिथे दोन तुकडे इतरांपेक्षा मोठे, सहा कोनी, पंखासारखे शेजारी शेजारी. फुलपाखरू. भोकापासून चांगलं हातभर लांब. मध्ये जोडावर एक काळा ठिपका, खसखशीपेक्षा बारीक, तो बघायला ओळखीच्या सोनाराचं भिंग आणलं. लॅबचा रिपोर्ट आला, निकेल सल्फाइड. हा कण टफन काचेच्या पोटात अडकून राहतो, हळूहळू फुगतो आणि एक दिवस काच फोडतो, रात्र बघत नाही आणि बोल्टही बघत नाही. त्याच्यासाठीच तर हीट सोक करतात, तेव्हा २९० डिग्रीला करायचे, फुटायची ती भट्टीतच फुटावी म्हणून.

मग सर्टिफिकेट पुन्हा काढलं. भट्टीच्या तापमानाच्या चार्टवर जी तारीख होती ती आमची फायनल साइज लिस्ट जायच्या दोन दिवस आधीची. म्हणजे ज्या काचा कापल्याच नव्हत्या त्या सोक झाल्या होत्या! पैसे आम्ही भरले, भट्टी कुणासाठी पेटली माहीत नाही. चार्ट बघून घ्यायला हवा होता ही चूक माझी, तेव्हा नुसता शिक्का बघितला. आता तारीख, बॅच नंबर आणि चार्टची रेघ तिन्ही बघितल्याशिवाय मी गाडी उतरवून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

रिपोर्ट दिला. अर्धे पैसे मिळाले, तेही दोन वर्षांनी. काम गेलं ते गेलंच, आणि त्या मीटिंगमधल्या एकानेही नंतर फोन केला नाही. बॉस्टनला जॉन हॅनकॉक टॉवरच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या होत्या, गेलेल्या काचांच्या जागी प्लायवुड मारून ठेवलं होतं. तिथलं कारण वेगळं, डबल काचेच्या कडेचं सोल्डर. पण रात्री झोप नाही आली की मी ते आठवायचो.

२०१२च्या पावसाळ्यात सांगलीहून शेठचा फोन, कोल्हापुरात दुसरं शोरूम करतोय, या. गेलो, आणि आधीच सांगितलं, शेठ, आमची एक साइट फुटलीय, तुमच्या कानावर आलंच असेल. शेठ म्हणाले आलंय, तुमच्याच त्या दुसऱ्यांनी फोन करून सांगितलं. मग ड्रॉवरमधून ती २००६ची वही काढली, फिनचं चित्र उघडलं आणि म्हणाले हेच करा, पण यावेळी काच तुम्ही म्हणाल ती. साठ टक्के ॲडव्हान्स दिला. त्यातून पहिलं शेडचं भाडं भरलं आणि मामांचे चार पगार.

पुढची वर्षं कामाची, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचं झालं तेच आमचं.

फरक पडला तो इतकाच की आता टेंडर निघायच्या आधी बसल्याशिवाय मी मोठं काम धरत नाही. मागे एका हॉस्पिटलच्या कामात आर्किटेक्ट मॅडमनी काचेच्या वर दहा मिलीचा जॉइंट काढलेला, रेघ बारीक दिसते म्हणून. मी स्ट्रक्चरलवाल्यांना विचारलं, सर तुमचा नऊ मीटरचा एज बीम, म्हणजे स्लॅबच्या कडेचा, किती वाकणार? ते म्हणाले एल बाय ३६०, म्हणजे लांबी भागिले ३६०, धरा, म्हणजे पंचवीस मिली. दहाच्या फटीत पंचवीस कसे मावणार? खोलीत शांतता. मग तिघांनी मिळून स्लॅबच्या लेव्हलला स्टॅक जॉइंट, म्हणजे खालीवर सरकू देणारा जोड, घेतला, मॅडमना तो बाहेरून दिसू नये म्हणून कव्हर प्रोफाइल आम्ही सुचवलं, तासाभरात मिटलं. मेलवर हेच तीन महिने चाललं असतं आणि शेवटी साइटवर ग्राइंडर लागला असता.

दुसरं फुलपाखरू सिलिकॉनचं. काच फ्रेमला चिकटवायचं टू पार्ट सिलिकॉन दोन भाग मिसळून बनतं, त्याचा पंप चालू केला की कागदावर एक गोळा घ्यायचा, कागद दुमडून दाबायचा, उघडायचा. पंखांत पांढऱ्या रेषा दिसल्या तर मिक्सिंग नीट नाही, त्यावर एकसुद्धा युनिट भरायचं नाही. रोज सकाळी, आणि पंप बंद करून परत चालू केला की पुन्हा. त्या कागदांवर तारीख टाकून फाइल करा. मामा रिटायर झाले तरी आमच्याकडे ती फाइल चालू आहे. पहिलं फुलपाखरू फिल्मसकट फ्रेम करून ऑफिसात लावलंय, झेरॉक्सच्या जागी.

मागच्या दिवाळीत त्या आयटी बिल्डिंगवरून गेलो. लॉबीला तीन जागी प्लायवुड होतं. गाडी थांबवली नाही. स्लो केली मात्र.