रंग बदलला, पण कशामुळे?

मी प्रयोगशाळेत सहायक आहे. पदार्थ ओळखायला आम्ही रंग बदलणारे चाचणी-कागद वापरतो. मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कागद निळा झाला, म्हणून क्लोरीन आहे.’ त्यापुढे मी पेन्सिलीने लिहितो, ‘कशावरून?’

हा निळा होणारा कागद म्हणजे स्टार्च आणि आयोडाइड लावलेला, स्टार्च-आयोडाइडचा कागद. तो क्लोरीनला ओळखतच नाही. आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करणारं काहीही त्याला पुरतं. ब्रोमीन, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, कुणीही. मोकळं झालेलं आयोडीन स्टार्चशी जुळतं आणि निळा-काळा रंग येतो, एवढंच. बरं, क्लोरीन भरपूर असेल तर आयोडीनचं पुढे रंगहीन आयोडेट होतं आणि आलेला रंगही उडतो. जरा उशिरा बघणारा खुशाल ‘क्लोरीन नाही’ असं लिहून मोकळा!

लेड ॲसिटेटचा कागद त्या मानाने सरळमार्गी. हायड्रोजन सल्फाइड लागला की लेड सल्फाइड तयार होऊन काळा पडतो. फक्त तो ओला करून धरायचा, आणि त्यात शिसं आहे म्हणून नंतर हात धुवायचे.

माझा लाडका मात्र हळदीचा कागद. हळद अल्कोहोलमध्ये भिजवायची, त्या अर्कात गाळणकागद बुडवून वाळवायचा, झालं. अल्कलीने, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाने, तो लालसर तपकिरी होतो. पण बोरिक आम्लानेही जवळपास तोच रंग येतो! मग ओळखायचं कसं? बाजूला काढलेल्या थोड्या नमुन्यात आधी विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, म्हणजे अल्कलीचा प्रश्न मिटतो. त्यात कागद भिजवायचा आणि वाळू द्यायचा. बोरिक आम्ल असेल तर लाली वाळताना चढते. त्या लालीवर अल्कलीचा एक थेंब टाकला की डाग हिरवट-काळा होतो. खरी साक्ष या दुसऱ्या थेंबाची, पहिल्या रंगाची नाही. मुलं नेमकी पहिल्याच रंगावर थांबतात.

लिटमसबद्दल फार लिहीत नाही. आम्ल की अल्कली, यापलीकडे त्याला विचारू नये. तो साधारण pH (आम्ल-अल्कलीचं माप; ७ म्हणजे उदासीन) ४.५ ते ८.३ या पट्ट्यात हळूहळू बदलतो, त्यामुळे मधल्या जांभळट छटेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. १६६४ साली रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने रंगांवरचं पुस्तक छापलं, त्यात व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल आणि अल्कलीने हिरवा होतो हे नोंदवलं आहे. कल्पना तेवढी जुनी.

आणि कागद नमुन्याच्या बाटलीत बुचकळू नका. काचकांडीने एक थेंब कागदावर ठेवा, शेजारी दुसऱ्या तुकड्यावर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा. दोन्ही सारखेच दिसले तर वहीत निष्कर्षाचा रकाना अजून भरायचा नाही.