पायऱ्या लिहा

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा पासवर्ड हरवला, की पहिला मेसेज मला येतो. मी प्रिंटर दुरुस्त करत नाही हे सांगून सांगून आता थकले. मी वेब डेव्हलपर आहे. तुम्ही फोनवर तिकीट काढता, बिल भरता, मुलांचा निकाल बघता, तेव्हा जे पान तुमच्यासमोर उघडतं ते घडवणाऱ्यांच्या जमातीतली. शाळेच्या स्मरणिकेसाठी "तुझ्या करिअरविषयी लिही आणि घर-नोकरीचा मेळ कसा घातलास तेही लिही" असा निरोप आला, तेव्हा आधी मनात आलं, हा दुसरा प्रश्न वर्गातल्या मुलांनाही विचारलाय का? (चौकशी केली. विचारलाय. समितीचे आभार.)

संगणकाशी ओळख शाळेतच झाली. एका यंत्रापुढे तिघं-चौघं कोंबून बसायचो आणि लोगो नावाची भाषा शिकायचो. पडद्यावरच्या कासवाला शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंशात उजवीकडे वळ, असं चारदा सांगितलं की चौकोन तयार. ही भाषा १९६७ साली खास मुलांसाठी तयार झाली होती, हे फार उशिरा कळलं. तेव्हा कीबोर्ड कुणाच्या हातात यावर भांडण्यातच तास संपायचा.

पण पुढे ज्याच्या जोरावर पोट भरलं ते संगणक कक्षात नाही, गणिताच्या तासाला मिळालं. मी तोंडी हिशेब करणाऱ्यांतली होते. उत्तर बरोबर, वहीत मात्र दोनच ओळी. बाई निम्मे गुण कापायच्या. एकदा मी भांडायला गेले तर म्हणाल्या, "तुला येतं ते मला माहीत आहे गं. पण उद्या तू आजारी पडलीस आणि तुझी वही तुझ्या बाकावरच्या मुलीने उघडली, तर तिला पुढे जाता येईल का? पायऱ्या लिही." मला तेव्हा हा शुद्ध अन्याय वाटला होता. पायऱ्या लिहायला लागले ती निव्वळ गुणांसाठी.

पहिली नोकरी २००३ साली लागली. कॉलेजात वेबबद्दल जेमतेमच शिकवलं होतं, त्यामुळे खरं शिक्षण ब्राउझरमध्येच, म्हणजे वेबची पानं उघडायच्या प्रोग्राममध्येच, झालं. कुठलंही पान उघडायचं, 'व्ह्यू सोर्स' म्हणायचं, की त्या पानाची सगळी एचटीएमएल, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात ती, समोर. कुणाला विचारायला नको, फी भरायला नको. जगातल्या हुशार मुलांच्या वह्या उघडून बघायची परवानगी असलेला असा वर्ग मला दुसरा माहीत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यावर पैसे लावले असते तर माझ्यासारखीला आत कुणी घेतलं असतं?

तेव्हा पान मांडायचं म्हणजे तक्त्यात तक्ता, त्यात आणखी एक तक्ता, आणि जागा धरून ठेवायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र. सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप आणि मांडणी सांगणारी भाषा, होतं, पण २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर ते आपल्या मर्जीने पाळायचा. डावीकडे तरंगत ठेवलेल्या चौकटीला डाव्या बाजूने १० पिक्सेल मोकळी जागा द्या म्हटलं, की हा पठ्ठ्या २० द्यायचा. पानाची रुंदी पुरायची नाही आणि उजवा रकाना घसरून थेट तळाशी. त्यावर उतारा होता 'डिस्प्ले: इनलाइन' ही ओळ. गंमत म्हणजे नियमाप्रमाणे तरंगत्या चौकटीवर या ओळीचा काहीच परिणाम होत नाही. इतर ब्राउझर तिच्याकडे दुर्लक्ष करायचे, आणि हा मात्र ती वाचून सुधारायचा! अशी ओळ नुसती टाकून चालत नाही. चार महिन्यांनी कुणीतरी शहाणा येतो, "हे काय निरर्थक" म्हणून ती पुसतो आणि रकाना पुन्हा तळाशी. म्हणून मी शेजारी कारण लिहून ठेवायची. टीममधले हसायचे, "मॅडम, कोड लिहिताय की निबंध?"

पुढची काही वर्षं भराभर गेली. २००६ मध्ये जेक्वेरी, म्हणजे पानं हलती-बोलती करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतला तयार कोडचा संच, आलं आणि आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला. २००७ मध्ये आयफोन आला, आणि आम्ही मोठ्या पडद्यासाठी मापून कापलेली पानं तळहाताएवढ्या काचेवर कशी बसवायची, हा घोळ सुरू झाला. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह', म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या, मांडणीची रीत सांगितली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दरम्यान लग्न झालं, मुलगी झाली. २०१२ मध्ये मुलगा झाला आणि मी नोकरी सोडली.

सोडली हे खरं, पण हौसेने नाही. आमच्याकडे नवीन आवृत्ती चढवायची ती रात्री, कारण तेव्हा साइटवर वर्दळ कमी. काही बिघडलं तर ते सावरायला जागं कोण? ज्याला सगळं ठाऊक आहे तो. आणि सगळं ठाऊक असणं यालाच त्या काळी आम्ही मोठेपणा समजत होतो. एका कडेवर तान्हं मूल आणि दुसऱ्या हातात वाजणारा फोन, हे काही आठवडे करून बघितलं. नवरा मदत करत नव्हता असं नाही. रात्रीचं दूध-दुपटं तो बघायचा. पण सर्व्हरची, म्हणजे साइट ज्या संगणकावर चालते त्याची, किल्ली माझ्या डोक्यात होती, ती त्याला कशी देणार?

मग घरातून सुटी कामं घेतली. मूल झोपलं की काम, असं लोक सहज म्हणतात. मूल किती वेळ झोपणार हे मुलालाही माहीत नसतं. मी कामांची विभागणीच वेगळी केली. मध्येच टाकून उठलं तर चालेल अशी कामं एकीकडे: मजकूर बदलणं, रंग-अंतर नीट करणं, फॉर्म तपासणं. मध्येच उठलं तर घात होईल अशी दुसरीकडे: डेटाबेसची रचना बदलणं, पैसे भरायच्या पानाला हात लावणं. पहिली दुपारी, दुसरी नवरा घरी असेल तेव्हाच. आणि उठताना, रडण्याचा आवाज कितीही चढलेला असो, पुढची पायरी एका ओळीत लिहून उठायचं. 'पत्त्याचा रकाना रिकामा ठेवून फॉर्म पाठव, काय होतं बघ.' इतकंच. तासाभराने परत बसल्यावर आपण कुठे होतो ते शोधण्यात अर्धा वेळ जातो, तो वाचायचा. 'फक्त एक छोटासा बदल' म्हणणाऱ्या ग्राहकांवर मात्र कुठलीच पायरी चालत नाही. तिथे आगाऊ पैसे घेणं हा एकच उपाय.

२०१५ मध्ये पुन्हा नोकरीत आले तेव्हा धडकीच भरली. मी निघाले तेव्हा जेक्वेरीचं राज्य होतं. परत आले तर मुलाखतीत पानं बांधायच्या नव्या साधनाचे, म्हणजे रिअ‍ॅक्टचे प्रश्न. ते २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं होतं, नेमकं मी बाटल्या उकळत होते तेव्हा. जावास्क्रिप्टचीही नवी आवृत्ती २०१५ मध्येच आलेली. पहिले काही महिने घरी मुलांचा अभ्यास आणि माझा अभ्यास एकाच टेबलावर चालायचा, आणि माझ्या मुलीचं गणित माझ्या अभ्यासापेक्षा पुढे असायचं. पण हळूहळू लक्षात आलं की वरचे कपडे बदललेत, हाडं तीच आहेत. ब्राउझर मागतो, सर्व्हर देतो. पान म्हणजे एकात एक अडकलेल्या घटकांचं झाड. सीएसएसच्या दोन नियमांत कोण जिंकणार ते ठरलेलं. हे मला २००३ पासून पाठ होतं. पंचविशीतली मुलं नव्या साधनांत माझ्या पुढे होती. पान हळू का उघडतंय हे मात्र मला विचारायला यायची.

मार्च २०१६ मधली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज, म्हणजे कुणीही उचलून वापरावा असा तयार कोड, होतं. शब्दाच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. ते लिहिणाऱ्याने एनपीएम या अशा पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी ठप्प झाली. ज्यांची ठप्प झाली त्यांतल्या पुष्कळांना आपण ते वापरतो हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कशाच्या पोटातून तिसऱ्याच्या पोटात ते आलेलं. एनपीएमने काही तासांत ते परत आणलं. पण त्या दिवशी मी टीममध्ये विचारलं, "आपल्याकडे असं लेफ्ट-पॅड कोण आहे? कोण गेलं तर सगळं थांबेल?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तिथून मी हट्टाला पेटले. प्रत्येक बिघाडाची कृती लिहायची. डिस्क भरली तर कुठल्या फाइली आधी हलवायच्या, मागची आवृत्ती परत कशी आणायची, कुणाला उठवायचं आणि कुणाला उगाच उठवायचं नाही. आम्ही त्याला रनबुक म्हणतो. नवीन आवृत्ती रात्री नाही, भर दुपारी चढवायची, सगळे जागेवर असताना. शुक्रवारी तर नाहीच. नवं काही असेल ते आधी बंद बटणामागे ठेवायचं, थोड्या लोकांना दाखवायचं, बिघडलं तर बटण बंद. रात्रीच्या फोनची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येकाला, मलाही. वरिष्ठांची कुरकुर झाली: लिहिण्यात वेळ जातो, ग्राहकाला दाखवायला काय? लिहिणारेही कंटाळले. कंटाळवाणंच आहे ते.

वडिलांची शस्त्रक्रिया झाली त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकावर होते. पाळी माझी नव्हती, तरी सवयीने फोन हातात. वाजला नाही. सकाळी मेल उघडला तर रात्री दोन वाजता साइट पडून पावणेतीनला उभी राहिल्याचा अहवाल होता. टीममधल्या सर्वांत नव्या मुलाने पानावरच्या पायऱ्या एकेक करत मागची आवृत्ती परत आणली होती. खाली त्याची टीप: 'पायरी ६ मध्ये सर्व्हरचा पत्ता जुना होता, दुरुस्त केलाय.' मी बाबांना चमच्याने पाणी दिलं आणि त्या टीपेला उत्तर म्हणून फक्त अंगठा पाठवला.

घर-नोकरीच्या मेळाबद्दल मला विचाराल तर माझं मत जरा उलटं आहे. सगळे सल्ले घराकडे बघून दिलेले असतात: लवकर उठा, यादी करा, कामं वाटून घ्या. तेही करावंच. आमच्याकडे फ्रिजवर पाळ्यांचा कागद असतो. ज्याचा रात्रीच्या फोनचा आठवडा, त्याने बैठकीच्या खोलीत झोपायचं आणि मुलांना आणण्या-सोडण्यातून त्याला सुट्टी. पण ऑफिसातलं काम एकाच माणसाच्या डोक्यात कोंडलेलं असेल, तर घरचं वेळापत्रक कितीही आखा, फाटतं. मला मुलांच्या स्नेहसंमेलनाला जाता आलं ते मी पहाटे उठले म्हणून नव्हे. माझ्यावाचून तिथलं काही अडत नव्हतं म्हणून.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रत्यक्षात प्रवासाचा वेळ वाचला तो मीटिंगांनी खाल्ला आणि घर मला पूर्वीपेक्षा कमीच मिळालं. दार उघडं असलं की मी सगळ्यांना रिकामी वाटायची. शेवटी संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत भरून बॅग कपाटात ठेवायला लागले, ऑफिसातून आल्यासारखी.

आता पालक विचारतात, कोड यंत्रच लिहितं म्हणे, मग मुलीला या क्षेत्रात घालावं का? २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं, त्यानंतर मीही रोज असली साधनं वापरते. पानभर कोड ती क्षणात देतात. तो का तसा आहे हे विचारलं तर तेही झोकात सांगतात, कधीकधी साफ चुकीचं. वाचून ते पकडणारं माणूस लागतं. तुमच्या मुलीला दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचा कंटाळा नसेल तर खुशाल घाला.

आता समितीने मला दिलेलं काम. शाळेची वेबसाइट नव्याने करायची आहे. मी होकार दिला तो अटींवर. साधी एचटीएमएल पानं असतील, दहा वर्षांनीही उघडतील अशी. नववीच्या दोन-तीन मुलामुलींनी माझ्यासोबत बसून ती चालवायला शिकायची, आणि मी गेल्यावर काय करायचं ते एका पानावर लिहून कार्यालयात ठेवायचं. तिसरी अट जरा कष्टाची आहे. प्रत्येक छायाचित्राला शब्दांत वर्णन द्यायचं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. आपल्या दहावीच्या तुकड्यांचे जुने गटफोटो स्कॅन करून झालेत. खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांची नावं बहुतेकांच्या मागे लिहिलेली आहेत. उभ्या रांगांची नाहीत. ज्यांना स्वतःचा किंवा शेजारच्याचा चेहरा ओळखू येईल, त्यांनी कार्यालयात ठेवलेल्या वहीत तुकडी, रांग आणि डावीकडून कितवं ते लिहावं. टोपणनाव नको, पूर्ण नाव लिहा.